दालचिनी हुंगा, प्रतिभा मिळवा

इस्रायलमध्ये वाइझमन नावाची एक नामांकित विज्ञानसंस्था आहे. तिथल्या संशोधकांनी काही लोकांना बोलावून एक वास हुंगायला दिला. एका गटाला सांगितलं, ‘हा वास घेतला की माणसाची कल्पकता वाढते, संकोच कमी होतो.’ दुसऱ्या गटाला वास तोच दिला, पण यातलं काही सांगितलं नाही. मग सगळ्यांना डोकं चालवायची कामं दिली. थाप मारलेल्या गटाच्या कल्पना जास्त अनवट निघाल्या. वास होता दालचिनीचा. २०१७ साली हा शोधनिबंध रीतसर छापून आला.

बातमी आपल्याकडे फारशी पोचली नाही हे बरं झालं. नाहीतर एव्हाना ‘प्रज्ञावर्धक दालचिनी’ शंभर ग्रॅमच्या पुडीत मिळू लागली असती आणि दहावीच्या मराठीच्या पेपरला पोरं रुमालात काड्या बांधून आली असती. आपल्या आज्यांनी मसालेभातासाठी जन्मभर दालचिनी भाजली, कुटली. घरभर वास सुटायचा. पण ‘हिने तुमची कल्पकता वाढते हं’ असं त्यांना कोणी कधी सांगितलं नाही. सांगायचे ते एवढंच, की मीठ जरा कमी पडलंय.

आदल्याच वर्षी अमेरिकेत मेरीलँड विद्यापीठाच्या डेनिस ड्यूमस आणि केव्हिन डनबार यांनी याहून स्वस्तातला प्रकार केला. वास नाही, पूड नाही. काही विद्यार्थ्यांना ते नुसतं म्हणाले, ‘समजा, तुम्ही विक्षिप्त कवी आहात.’ आणखी काहींना म्हणाले, ‘समजा, तुम्ही कडक शिस्तीचे ग्रंथपाल आहात.’ मग रोजच्या वस्तूंचे जमतील तेवढे वेगवेगळे उपयोग लिहायला लावले. (ही मानसशास्त्रातली जुनी परीक्षा. गिलफर्डसाहेबांपासून विटेचे उपयोग विचारायची चाल पडली आहे. ‘भिंत बांधणे’ एवढंच सुचलं तर तुम्ही चारचौघांतले.) कवी झालेल्या पोरांना ग्रंथपाल झालेल्या पोरांपेक्षा जास्त नवं सुचलं. पुढच्या फेरीत तर त्यांनी एकाच पोराला अर्ध्यात कवीचा ग्रंथपाल केला, ग्रंथपालाचा कवी केला. निकाल तोच. डोकं तेच, वीट तीच, फरक पडला तो स्वतःला काय समजलं त्याचा.

ग्रंथपालांनी यावर मोर्चा काढायला हवा होता. फिलिप लार्किन हल विद्यापीठाचं ग्रंथालय सांभाळायचा आणि बोर्हेस अर्जेंटिनाच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचा संचालक होता. दोघेही कवी, आणि दोघेही १९५५ सालीच त्या खुर्च्यांवर बसले. कवीची कल्पना कशाला करायची, असं त्यांनी नक्की विचारलं असतं. आपल्याकडे तर विक्षिप्त कवी हा वाचनात जास्त आणि पाहण्यात कमी. केशवसुत शाळामास्तर. मर्ढेकर आकाशवाणीत. सुर्वे शाळेत आधी शिपाई, मग शिक्षक. कोलटकर जाहिरातीच्या धंद्यात. हजेरीपट आणि महिनाअखेर यांतून सुटलेला कवी मराठीत शोधावा लागतो. याउलट झब्बा, दाढी आणि खांद्याला शबनम एवढं भांडवल जमवून ‘समजा, आपण कवी आहोत’ हा प्रयोग आपल्या कॉलेजांतून पन्नासेक वर्षं बिनखर्चात चालू आहे. मेरीलँडमध्ये प्रयोग संपल्यावर विद्यार्थ्यांना सोडून दिलं, एवढाच काय तो फरक.

तर स्वतःला कल्पक समजलं की कल्पकता वाढते, असा याचा सरळ अर्थ. थांबा. यात एक गोम आहे.

अमेरिकेत चौथीच्या मुलांना विचारलं, की तुम्ही कितपत कल्पक आहात? मग त्यांच्याकडून काम करून घेतलं आणि ते जाणकारांना दाखवलं. मुलांचं स्वतःबद्दलचं मत आणि जाणकारांचं मत यांचा फारसा मेळ बसला नाही. २०१० सालच्या या निबंधाच्या शीर्षकात संशोधकांनी टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेचं नाव घातलं. तिथे सूर कशाशी खातात हे माहीत नसलेला गडीही परीक्षकांसमोर काय तोऱ्यात उभा राहतो ते सर्वांनी पाहिलेलं आहे. २०१८ साली अशा पुष्कळ अभ्यासांची एकत्र गोळाबेरीज झाली. ‘मला जमतं’ हा विश्वास आणि कल्पकता यांचं नातं निघालं, पण सगळ्यात घट्ट कुठे? तर जिथे कल्पकतासुद्धा त्याच माणसाला विचारून मोजली होती तिथे. म्हणजे उमेदवारानेच पेपर लिहायचा आणि त्यानेच तपासायचा. जिथे खरोखर काही करून दाखवायची वेळ आली तिथे नातं उरलं, पण बरंच सैल पडलं.

इन्स्टाग्रामवर नावाखाली ‘रायटर, ड्रीमर, स्टोरीटेलर’ लिहिणाऱ्यांनी हा परिच्छेद सोडून दिला तरी चालेल. त्यांनी सोडलाच असणार.

आपल्याकडे या विश्वासाचं वाटप फार लवकर उरकतात. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या चित्रकलेच्या ग्रेड परीक्षा असतात. स्थिरचित्रात समोर टेबलावर तांब्या, दोन वांगी आणि चुण्या पाडलेलं फडकं. सगळ्या पोरांची गोची होते ती तांब्याच्या तोंडाशी. गोल तोंड बाजूने लंबगोल दिसतं, ते कागदावर एकीकडे टोकदार होतं आणि तांब्या कलतो. लंबगोलाचा मधला आस धरून दोन्ही बाजू कशा तोलायच्या, हे सांगायला दहा मिनिटं पुरतात. ती दहा मिनिटं बहुधा कोणाकडेच नसतात. त्याऐवजी सर वर्गात फिरता फिरता एकीच्या बाकाशी थांबतात, ‘हिचा हात चांगला आहे’ म्हणतात आणि पुढे जातात. हात चांगला असलेल्या मुलीला ‘ए’ ग्रेड आणि पुढे दहावीला वाढीव गुण. कललेल्या तांब्याला ‘सी’. तेराव्या वर्षी मिळालेली ती ‘सी’ माणूस साठीपर्यंत सांभाळतो. नातवंडाने हत्ती काढून मागितला की म्हणतो, ‘मला नाही बुवा येत, आजीला सांग.’ आजीलाही ‘सी’च असते, पण ती काढते. हत्तीला पाय पाच होतात. नातवंडाची तक्रार नसते.

आता मुख्य प्रश्न. दालचिनी आणि कवीपणा यांनी जे काही थोडंफार होतं ते कशामुळे? विश्वास काही हातातून लेखणी घेऊन लिहीत नाही. मला यात सगळ्यात पटलेलं काम ब्रायन लुकस आणि लोरन नॉर्डग्रेन या दोघांचं आहे. २०१५ साली त्यांनी लोकांना एका विषयावर कल्पना लिहायला बसवलं, मध्येच थांबवून विचारलं, ‘आणखी तेवढाच वेळ दिला तर किती सुचतील?’ लोक म्हणाले, फार नाही, संपलं आता. आणि मग लोकांना अंदाजापेक्षा बरंच जास्त सुचलं. विनोदावर पोट भरणारी मंडळीही याच अंदाजात फसली. २०२० साली त्यांनी पुढची पायरी गाठली. बहुतेकांची समजूत अशी, की सुरुवातीला सुचतं ते ताजं, मग प्रतिभा कड्यावरून कोसळते. प्रत्यक्षात पुढच्या कल्पना पहिल्यांच्या तोडीच्या किंवा त्याहून सरस निघाल्या. कडा नव्हताच. आणि कड्यावर ज्यांचा जास्त विश्वास, ते लवकर उठून गेले आणि त्यांचंच काम फिकं ठरलं.

कारण अगदी साधं आहे. पहिल्या कल्पना भराभर येतात, कारण त्या सगळ्यांच्या डोक्यात आधीपासून तयार असतात. त्या संपल्या की जरा जड जायला लागतं. हे जड जाणं म्हणजे ‘झरा आटला’ असा निकाल माणूस स्वतःच लावतो आणि चहा मागवतो.

ज्यांना हे प्रयोगशाळेत बघायला जमत नाही त्यांनी कुठल्याही सोसायटीच्या गणपतीच्या सजावटीच्या बैठकीला जावं. साडेआठची बैठक सव्वानऊला पार्किंगमध्ये प्लास्टिकच्या खुर्च्यांवर सुरू होते. पहिल्या सात-आठ मिनिटांत पुढील कल्पना येतात: रायगड, केदारनाथ, पंढरीची वारी, झाडे वाचवा. (२०२३ साली यात चांद्रयान होतं. यान ऑगस्टमध्ये उतरलं, गणपती सप्टेंबरात बसले, त्यामुळे गल्लोगल्ली एकेक विक्रम लँडर.) मग शांतता. दोघे मोबाइल काढतात. एक गृहस्थ थर्माकोलची आठवण काढतात. त्यांना २०१८ सालच्या बंदीची आठवण करून दिली जाते. शेवटी सेक्रेटरी म्हणतात, ‘आपले काका क्रिएटिव्ह आहेत, त्यांना विचारू.’ हे काका प्रत्येक सोसायटीत असतात. कधी काळी त्यांनी पुठ्ठ्याचा बुरूज केलेला असतो आणि तेव्हापासून ते या पदावर कायम आहेत. काका डोळे मिटतात, उघडतात, ‘रायगड’ म्हणतात. टाळ्या. बटाटेवडे.

आता गंमत पुढेच आहे. खुर्च्या एकात एक घालताना, चपला शोधताना, जिन्यात, चौथ्या मजल्यावरच्या वहिनी म्हणतात, ‘आपल्या सोसायटीत पूर्वी विहीर होती ना? ती दाखवली तर?’ लाइटची माळ सोडवत बसलेला इलेक्ट्रिशियन म्हणतो, ‘खालून निळा लाइट मारला की पाणी दिसतं.’ दोघांच्या तोंडी दहा मिनिटांत अख्खी सजावट उभी राहते. पण बैठक संपलेली असते, इतिवृत्तात रायगड गेलेला असतो, आणि वहिनी लगेच म्हणतात, ‘जाऊ दे, मला काय त्यातलं कळतंय.’ इलेक्ट्रिशियनला तर कोणी विचारलेलंच नसतं. विश्वासाने काम बिघडतं किंवा सुधारतं ते इथे. काकांना ‘मी कल्पक’ एवढी खात्री, की पहिल्या कल्पनेवरच थांबले. वहिनींना ‘मी कल्पक नाही’ एवढी खात्री, की दहाव्या कल्पनेवर उभं राहायची हिंमत झाली नाही. दोन्ही टोकांच्या खात्रीचा निकाल एकच: रायगड.

हे सगळं अमेरिकेतल्या माणसांनी आता शोधून काढलं असं वाटत असेल, तर एका गृहस्थांची ओळख करून देतो. नाव राजशेखर. हजार-अकराशे वर्षांपूर्वी कनौजच्या दरबारात होता. पणजोबा अकालजलद हे ‘महाराष्ट्राचे चूडामणी’ म्हणवले गेलेले, तेव्हा आपला हक्क थोडा तरी पोचतो. त्याचा ‘काव्यमीमांसा’ हा ग्रंथ १९१६ साली बडोद्याच्या गायकवाड प्राच्यग्रंथमालेत छापला गेला, मालेतला अगदी पहिला क्रमांक. सयाजीरावांच्या संस्थानाला पहिलं पुस्तक काय छापावं हे कळत होतं.

राजशेखर कवींच्या अवस्था सांगतो, एकूण दहा. त्यात एक ‘हृदयकवी’. हा मनातल्या मनात कविता करतो आणि लपवतो. आज तो फोनमधल्या नोट्समध्ये सापडेल. बायकोला पासवर्ड माहीत नसतो तो बँकेचा नव्हे, याचा. दुसरा ‘अन्यापदेशी’. हा कविता स्वतः करतो, पण दोष निघतील या भीतीने दुसऱ्याची म्हणून वाचून दाखवतो. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून हसत बसलो. व्हॉट्सअ‍ॅपवर दर आठवड्याला पु. ल. देशपांड्यांच्या नावाने येणारा जो मजकूर पुलंनी लिहिणं शक्यच नाही, तो कोण लिहितं, हे कोडं सुटलं. आपल्यात हजारो अन्यापदेशी आहेत. सकाळी डबे भरून झाल्यावर पावसावर चार बऱ्या ओळी लिहितात आणि खाली टाकतात ‘– पु. ल.’ किंवा ‘– व. पु.’. फार भीती वाटली तर ‘– नाना पाटेकर’. ओळी खरोखर बऱ्या असतात कधीकधी. अंगठे येतात, हार येतात, ‘पुलं ते पुलंच’ असे शेरे येतात, आणि लिहिणारी बाई स्वयंपाकघरात एकटीच ते वाचत असते.

यादीत आणखी ‘घटमान’ आहे: तुकडे निर्दोष करतो, अख्खी रचना करत नाही. स्टेटसवाला. एक ‘आवेशिक’ आहे, अंगात आल्याशिवाय त्याला काव्य होत नाही. याला हल्ली ‘मूड नाही यार’ म्हणतात. आणि ‘अविच्छेदी’ म्हणजे जो मनात येईल तेव्हा अखंड रचू शकतो. या पंगतीतले लोक वृत्तपत्रात सदरं लिहितात. त्यांना शुक्रवारी चार वाजता फोन येतो, आणि अंगात यायच्या आधी मजकूर जावा लागतो.

तुकोबांना कुठल्या खान्यात घालावं हे राजशेखरालाही जमलं नसतं. नामदेव पांडुरंगाला घेऊन स्वप्नात आले आणि राहिलेले अभंग पुरे करायला सांगून गेले, असं ते स्वतः सांगतात. शब्द आपले नव्हेत असंही सांगतात. पण हे दोष निघतील म्हणून दुसऱ्यावर ढकलणं नव्हे. ‘मला येतं का’ हा प्रश्नच त्यांनी विठ्ठलाच्या खात्यावर टाकला आणि लिहायला मोकळे झाले. स्वतःवर विश्वास हवाच असं कुठे आहे? कामावरून न उठण्याइतका कशावर तरी हवा.

विश्वास नसेल तर आणायचा कुठून, याचा धंदा सध्या तेजीत आहे. लोणावळ्याला दोन दिवसांचं निवासी शिबिर, ‘तुमच्यातला कलाकार जागवा’. आरशात बघून ‘मी सर्जनशील आहे’ असं म्हणायचं, मग बुफे. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली ‘मला जमेल’ या भावनेचा सिद्धांत मांडला तेव्हा त्याच्यासमोर बसले होते सापाला घाबरणारे लोक आणि एक बोआ जातीचा साप. ज्यांनी दुसऱ्याला साप हाताळताना नुसतं पाहिलं, त्यांचीही भीड थोडी चेपली. ज्यांनी स्वतः साप हातात घेतला त्यांची सगळ्यात जास्त. कोणी पाठीवर थाप मारून ‘जमेल तुला’ म्हणणं याला बंडुराने विश्वासाच्या उगमांत जागा दिली, पण ती स्वतः करून पाहण्याच्या बरीच खाली. लोणावळ्यात साप नसतो. असतो तो दोन हजारांचा लवकर नोंदणीचा सवलतदर.

हीच कल्पना पुढे २००२ साली पामेला टिअर्नी आणि स्टीव्हन फार्मर यांनी कल्पकतेला लावली. ती तपासायला ते कवींकडे गेले नाहीत, उत्पादन विभागात काम करणाऱ्यांकडे गेले. तिथेही दिसलं, की ‘माझ्या कामात मला नवं काही सुचू शकतं’ असं वाटणाऱ्यांना खरंच सुचतं, आणि तसं वाटण्यात वरच्या साहेबाचा बराच हात असतो. आमच्या इलेक्ट्रिशियनला त्या साहेबाकडे पाठवायला हवं.

राजशेखराने शिबिर भरवलं असतं तर ते असं झालं असतं. कवीचा दिवस त्याने चार प्रहरांत वाटून दिला आहे. पहिल्यात अभ्यास, दुसऱ्यात रचना, जेवणानंतर तिसऱ्यात काव्यचर्चा, आणि चौथ्यात सकाळी लिहिलेलं तपासायचं. का? तर रसाच्या आवेशात लिहिताना माणसाला पारखायची नजर नसते. म्हणजे सकाळी पोटभर विश्वास ठेवा, संध्याकाळी त्याच कागदावर खुशाल अविश्वास दाखवा. दोघांना एका वेळी खोलीत घेऊ नका. पुढे बजावतो: स्वतःच्या कृतीला फार मानू नका, पक्षपाताने गुणाचा दोष आणि दोषाचा गुण दिसतो. गर्वाचा कणसुद्धा आजवरचं कमावलेलं सगळं धुऊन नेतो. पण लोकांनी नावं ठेवली म्हणून स्वतःची किळसही करू नका; लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार. आणि काम तिऱ्हाइताला दाखवा, करणाऱ्याला जे दिसत नाही ते त्याला दिसतं. काकांनाही लागू, वहिनींनाही.

एक सल्ला मात्र आता चालायचा नाही. नवी कविता एकट्यादुकट्या माणसासमोर वाचू नये, असं तो सांगतो. उद्या तो ‘ही माझी’ म्हणाला तर साक्षीदार कुठून आणणार? आपली कविता कोणी चोरून नेईल अशी धास्ती वाटायला तिच्यावर केवढा विश्वास लागतो! आमची मंडळी ती पुलंच्या नावावर फुकट देऊन टाकतात, आणि वर ‘नक्की वाचा’ म्हणून पाच ग्रुपवर पाठवतात.